खानसाम्याचा चाकू

घडीचा चाकू घ्यायचा तर आधी तो मिटून बघावा, असं माझ्या नवऱ्यानं मला शिकवलं होतं. लोक उघडून बघतात, पात्यावर अंगठा फिरवतात आणि मान डोलावतात. दुकानदारालाही वाटतं, गिऱ्हाईक जाणकार आहे. पण धार काय, कुठलाही धारवाला दहा मिनिटांत लावून देतो. बघायचं ते वेगळंच. मिटताना पातं खाचेत सरळ बसतं का, शेवटच्या बोटभर अंतरात आपोआप ओढलं जातं का, उघडून हलवलं तर खिळ्यापाशी खुळखुळतं का. मग तो उजेडाकडे धरायचा. मुठीच्या पाठीत जी पोलादी पट्टी असते, तिला कमान म्हणतात. ती पात्याला धरून ठेवते. पातं आणि कमान यांच्या फटीतून उजेड दिसला, तर चाकू खाली ठेवून पुढं चालू लागायचं. हे सगळं मला आजही पाठ आहे. मी आयुष्यात एकच चाकू विकत घेतला आणि तोही माझ्याच हातानं मातीत घातला.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. सोलापुरात गिरणीच्या मागच्या चाळीत आमची एक खोली होती. त्यात मी, नवरा आणि सासूबाई. नवरा गिरणीत बदली कामगार होता. म्हणजे रोज सकाळी भोंगा व्हायच्या आत फाटकाशी जाऊन उभं राहायचं, आणि आतला कुणी आजारी पडला, कुणाच्या घरी मयत झालं, तर त्याच्या जागी काम मिळायचं. दुसऱ्याचं वाईट व्हावं अशी वाट बघायची नोकरी, असं मी म्हणायची. ते हसायचे नाहीत. आठवड्यातून दोन दिवस काम मिळालं तरी आम्ही तो आठवडा बरा म्हणायचो. बाकीचं घर माझ्या कडक भाकरीवर चालायचं. पहाटे उठून ज्वारीच्या पातळ भाकरी थापायच्या, वाळवायच्या आणि चार घरी, दोन दुकानांत पोचवायच्या.

नवऱ्याचं गाव कुंभारी. दुष्काळात तिथं शेतात काही उरलं नव्हतं, म्हणून ते रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले होते. एक अख्खा उन्हाळा आणि वर काही महिने. पण त्यांच्या हातात खरी कला होती ती वेगळी. लग्नाआधी गावातल्या एका म्हाताऱ्या कलमकऱ्याच्या हाताखाली ते डोळे भरायला शिकले होते. बांधावरची रानबोर असते ना, जिची फळं आंबट आणि वाटाण्याएवढी, तिच्या खोडाची साल जरा उघडायची आणि गोड बोरीच्या फांदीवरचा एक कोंब, त्याला डोळा म्हणतात, नखाएवढ्या सालीसकट काढून आत बसवायचा. वर केळीच्या सोपाची पट्टी बांधायची. डोळा धरला की त्या काटेरी झुडपाला पुढं चांगली मोठी बोरं लागतात. ऐकायला सोपं आहे. दहा माणसांनी केलं तर सातांचे डोळे वाळतात. माझ्या नवऱ्याचे वाळायचे नाहीत. कुंभारीत अजून म्हाताऱ्या माणसांना ते आठवतं. तो कलमकरीच म्हणायचा, "ह्या पोराच्या हातचा डोळा वाया जायचा न्हाय."

पण त्यांच्याकडे स्वतःचा चाकू कधीच नव्हता. म्हाताऱ्याचाच वापरायचे. म्हातारा वारला आणि त्याचा मुलगा तो चाकू घेऊन निघून गेला. तो नंतर म्हणे पेन्सिली तासायला ठेवला होता.

तर त्या वर्षी आषाढात बातमी आली, की शहराबाहेरच्या एका सरकारी रोपवाटिकेत दोन कलमी माळी घ्यायचे आहेत. दुष्काळानंतर सगळ्यांना बोरीचं महत्त्व कळलं होतं, पाणी नसलं तरी तगणारं झाड म्हणून. जागा कायमच्या होत्या. महिन्याचा पगार, राहायला खोली. सहाजणांना बोलावलं होतं. परीक्षा साधी होती. प्रत्येकाला रानबोरीची चाळीस रोपं द्यायची, एका दिवसात त्यांवर डोळे भरायचे आणि तीन आठवड्यांनी मोजायचं, कुणाचे किती हिरवे राहिले ते. ज्यांचे जास्त, ते दोघं कामावर. अट एकच, चाकू ज्याचा त्यानं आणायचा. कलमाच्या कामात कुणी आपला चाकू दुसऱ्याच्या हाती देत नाही. प्रत्येकाच्या हाताचा कोन निराळा, त्यामुळे धार बिघडते.

ते बातमी सांगत होते तेव्हाचा त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. फाटकाशी उभं राहून राहून त्यांच्या खांद्यांना जो बाक आला होता, तो त्या संध्याकाळी नव्हता. मी म्हणाले, "चाकू मी आणते." ते म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणाले, "मग शिकवा की." भोंग्याच्या वेळेला फाटक सोडून चाकू शोधत हिंडणं त्यांना परवडणारं नव्हतं. माझ्या भाकरीचे दहा-बारा रुपये पिठाच्या डब्यात होते. म्हणून मी निघाले, वर लिहिलेले धडे घोकत.

आधी चांगल्या दुकानात गेले. तिथं काचेच्या पेटीत मखमलीवर चाकू मांडले होते. हात लावायला देण्याआधीच त्यानं किंमत सांगितली, म्हणजे हात लावायची गरज पडू नये. माझा डबा दोनदा भरला असता तरी तो चाकू आला नसता. दुसऱ्या दुकानात चकचकीत माल होता, लाल-हिरव्या प्लास्टिकच्या मुठी, वर मोराचं चित्र. गड्ड्याच्या यात्रेत विकतात तसला. मिटून बघितला तर पातं एका बाजूला घासत होतं. उजेडाकडे धरला तर फटीतून समोरचा रस्ता दिसला. दुकानदार म्हणाला, "वहिनी, कुणाचा कोथळा काढायचाय एवढं बघायला?" मी म्हणाले, "अजून ठरवलं न्हाय, दुकानं बघून ठरवणार हाय." बाजूची माणसं हसली आणि मी बाहेर आले. गावाबाहेर पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याकडेही गेले. तो ट्रकच्या पाट्याच्या लोखंडाची विळी, खुरपं झकास घडवायचा, पण मिटणारा चाकू त्याच्या कामातला नव्हता. त्यानं सरळ सांगितलं, "ताई, कमान बसवायचं काम आपलं न्हाय. उगं पैसं घालवू नगा."

हातात चांगला आणि किमतीत हलका असा चाकू जुनाच मिळतो, हे मला तेव्हा कळलं. पूर्वीच्या लोकांनी मन लावून केलेला आणि नंतरच्या लोकांना नकोसा झालेला. म्हणून मंगळवारच्या बाजारात जुन्या लोखंडाचे ढीग घेऊन बसणाऱ्यांकडे गेले. पहिल्या मंगळवारी काही मिळालं नाही. दुसऱ्या मंगळवारी, म्हणजे परीक्षेला दोनच दिवस उरले असताना, एका म्हाताऱ्या चाचांच्या पोत्यावर कुलपं, बिजागऱ्या आणि फुटक्या कंदिलांमध्ये तो दिसला. शिंगाची मूठ, वापरून वापरून पिवळट झालेली. पातं काळं पडलेलं, पण सरळ. मिटला तर शेवटी खट्‌कन आत गेला. उजेडाकडे धरला तर फट नाही. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून मी एका बिजागरीची किंमत विचारली.

चाचा काही बावळट नव्हते. म्हणाले, "बिजागरी छोडो बाई, चाकू की बात करो. असली विलायती है. साहब लोगां के खानसामे का. तीस बरस चलाया उनो, अभी भी नवे के बराबर है." त्यांना वाटलं, साहेबाचं नाव सांगितलं की मालाचा भाव चढेल. मी मात्र खानसामा ऐकून हात मागं घेतला. साहेबाच्या घरचा स्वयंपाकी तीस वर्षं चाकूनं काय कापणार, ते काय मला सांगायला हवं होतं? आमच्या दोन्ही घरांत, माहेरी आणि सासरी, मांस कधी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. गळ्यात लिंग असलेली माणसं आम्ही. तरी मी भाव केला आणि नऊ रुपयांना घेतला. चाचांनी तो फडक्यात बांधून दिला आणि बजावलं, "पानी से बचाव बाई, जंग पकडता. तेल का हात फिराते रैना." भला माणूस होता. खरं तेच सांगितलं.

संध्याकाळी नवऱ्यानं चाकू हातात घेतला. मिटून बघितला, उघडून बघितला. मग कुरुंदाच्या दगडावर थोडा घासला आणि मनगटावरचे केस काढून बघितले. ते साफ निघाले. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून वरून खाली चिरला. "लई चांगलं पातं हाय," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचं पण असलं नव्हतं. कुटं मिळालं तुला?" मी म्हणाले, बाजारात. कुणाचं होतं ते सांगितलं नाही. त्यांना त्याचं एवढं वाटलं नसतं, ते गिरणीत चार जातीच्या माणसांबरोबर डबा खायचे. पण सासूबाई पलीकडेच बसल्या होत्या.

सासूबाई घरात कानडीच बोलायच्या. ते हातपाय धुवायला बाहेर गेल्यावर त्यांनी विचारलं, "इदु यारदु?" म्हणजे हे कुणाचं? मी म्हणाले, नवं आहे, दुकानातलं. शिंगाची पिवळी मूठ समोर दिसत असताना. त्यांची नजर कमजोर होती, नाहीतर तिथंच पकडली गेले असते. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, परवा कामाला नेण्याआधी एक रात्र देवापुढं ठेव, भिंतीतल्या देवळीत, पोराच्या हाताला यश येईल.

आता बघा माझी पंचाईत. नुसता खिशात राहिला असता तर मी मन मारलं असतं. झाडालाच तर लावायचा होता. पण देवळीत ठेवायचा? तीस वर्षं मांस कापलेलं पातं देवापुढं? आणि त्यावर आमच्या भाकरीचं साकडं घालायचं?  न ठेवावा तर सासूबाई कारण विचारणार. ठेवावा तर मी जाणूनबुजून देव बाटवणार आणि मग नोकरी गेली तर ती माझ्यामुळेच, असं मला अगदी मनापासून वाटलं. त्या वेळची मी अशी होते. आजही मांसाच्या दुकानावरून जाताना पदर नाकाला लावते, त्याची मला लाज वाटत नाही.

चाकू शुद्ध करून घ्यायचा, एवढाच मार्ग होता. पाण्यानं धुवायचा तर चाचांनी बजावलेलं, पाण्यापासून वाचवा. मग मला माझी आई आठवली. लग्नाकार्यात दिलेलं तांब्या-पितळेचं भांडं कुणाकडून कसं परत येईल त्याचा भरवसा नसायचा. आई ते विस्तवात घालून लाल होईपर्यंत तापवायची. अग्नीतून निघालं की भांडं शुद्ध. शंका उरायची नाही.

बुधवारी दुपारी ते गिरणीत होते, बदली मिळाली होती. सासूबाई शेजारी कीर्तनाला गेल्या होत्या. मी शेगडी फुलवली. चाकू उघडला, मुठीला ओलं फडकं गुंडाळलं आणि पातं निखाऱ्यात खुपसलं. मूठ जळू नये म्हणून फडक्यावर पाणी शिंपडत राहिले. शिंगाचा थोडा वास आला, त्यानं मला उलट बरंच वाटलं. वाटलं, जुनं काय ते जळतंय. पातं लालभडक झालं. मग बाहेर काढून ते शेगडीखालच्या ऊन राखेत पुरून ठेवलं, सावकाश निवू दे म्हणून. राखेहून पवित्र काय असतं आमच्यात? विभूतीच ती. पाण्याचा थेंब लागू दिला नाही. तासाभरानं काढला, चिंच आणि राखेनं घासला, तेलाचं बोट फिरवलं. पातं चांदीसारखं उजळलं. मी तो देवळीत ठेवला आणि हात जोडून उभी राहिले, अगदी निर्धास्त मनानं.

त्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा दगडावर धार केली. "घासलंस व्हय? झक्क दिसतंय," म्हणाले. आणि दोन-चार हात मारताच म्हणाले, "बघ, कसं पटदिशी धार धरतंय. कालच्यापेक्षा बी चांगलं." मला त्यात देवाचा हात दिसला. मऊ झालेलं पोलाद धार लवकर धरतं आणि त्याहून लवकर सोडतं, हे सांगायला तिथं कुणी नव्हतं.

गुरुवारी दुपारी मी त्यांची भाकरी घेऊन रोपवाटिकेत गेले. कुंपणाबाहेर थांबले. सहा ओळी होत्या आणि सहा माणसं उकिडवी बसली होती. बाकीचे ओळीच्या अर्ध्यापलीकडे गेले होते. माझा नवरा अकराव्या का बाराव्या रोपाशी होता. एक डोळा भरायचे आणि दगड काढून चाकू घासायचे. पुन्हा एक डोळा आणि पुन्हा दगड. डोळा काढला की तो वाळायच्या आत सालीत बसावा लागतो, मिनिटाचं काम असतं ते. पात्यानं साल कापली जात नव्हती, चेंगरत होती. ते मला कुंपणातून कळत नव्हतं. मला दिसत होती ती फक्त त्यांची पाठ. पुन्हा तोच बाक आला होता. जेवायला उठले नाहीत. मला हातानंच जा म्हणून खुणावलं.

तीन आठवडे आम्ही त्याबद्दल बोललो नाही. सासूबाई नवस बोलून बसल्या होत्या आणि दर सोमवारी त्यात भर घालत होत्या. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते मी तेव्हा शिकले. मग ते एकदा जाऊन बघून आले. चाळीसांपैकी सहा डोळे हिरवे होते. बाकी काळे पडून गळाले होते. ज्यांना काम लागलं त्यातला एक जण यांच्याच हाताखाली चार दिवस शिकलेला होता.

घरी येऊन ते दाराशी बसले. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं. मग दोन्ही हात पुढं धरून त्यांच्याकडे बघत म्हणाले, "हात मेला माजा. खडी फोडून फोडून मेला. साधी धार बी टिकंना माज्या हातची. चाकू एवढा चांगला, तू एवढी हिंडून आणलेला, त्याला काय म्हणायचं? हातातच काय न्हाय ऱ्हायलं." चाकूला दोष देणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यांनी स्वतः त्यानं मनगटाचे केस काढले होते. माणूस खोटं सहन करतो, पण स्वतः पारखून घेतलेल्या खऱ्यापुढं काय करणार?

पुढच्या आठवड्यात गल्लीत सायकलवर चाक बसवलेला धारवाला आला. विळीला धार लावून घेताना मला काय वाटलं कोण जाणे, मी फळीवरचा चाकूही त्याच्याकडे दिला. त्यानं चाकावर जरा धरला, नखानं पातं तपासलं, पुन्हा धरला आणि चाक थांबवलं. "वैनी, ह्याला इस्तवात घातलं व्हतं का?" मी विचारलं, का? तो म्हणाला, "पोलादाचं पाणी उतरलंय. तापवून हळूहळू निवू दिलं की असं होतंय. आता ह्ये नुसतं लोखंड. वाईट झालं बगा, पातं लई भारी व्हतं."

मी भिंतीला धरून खाली बसले. त्यानं पाणी पिता का विचारलं तर मी हो म्हणाले आणि त्याचाच तांब्या घेतला. कुणाचा, कसला, काही मनात आलं नाही.

त्यांना लगेच सांगायला हवं होतं. मी आधी दुरुस्त करायला धावले. म्हटलं, चाकू पहिल्यासारखा झाला की मग सांगू, म्हणजे सांगणं सोपं जाईल. त्याच घिसाड्याच्या पालावर गेले. तो म्हणाला, "पुन्हा पाणी देऊन बगतो, पण जुनं विलायती हाय, सांगता येत न्हाय." त्यानं पातं मुठीतून सोडवलं, तापवलं आणि पाण्यात घातलं. बारीक आवाज आला. पात्याचे मधोमध दोन तुकडे झाले होते. त्यानं पैसे घेतले नाहीत. ते दोन तुकडे मी तिथंच त्याच्या भंगारात टाकून आले आणि घरी सांगितलं, की चाकू विकून टाकला. नवरा म्हणाला, "बरं केलंस. डोळ्यापुढं नगं."

आता खरी गोष्ट लिहिते. पहिली चूक अडाणीपणाची होती, तिची मी स्वतःला माफी देऊ शकले असते. दुसरी तशी नव्हती. पुढच्या वर्षी रोपवाटिकेतून पुन्हा बोलावणं आलं. आणखी एक जागा होती. तिथल्या साहेबानं कुंभारीतल्या लोकांकडून यांचं नाव ऐकलं होतं आणि या वेळी चाकू आम्ही देऊ असंही कळवलं होतं. शेजारच्या बाप्यानं निरोप आणला. नवरा नाही म्हणाला. "एकदा हसं झालं तेवढं बास. माजा हात न्हाय ऱ्हायला." मी चुलीपुढं बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. हात तुमचा चांगला आहे, पातं मी मारलं. सासूबाई तिथंच होत्या. खानसाम्याचा चाकू देवळीत ठेवला होता आणि नवा म्हणून खोटं बोलले होते, हे त्यांच्या कानावर गेलं असतं. मी मूग गिळून गप्प बसले. शेजारी निघून गेला. भाकरी करपली, तेवढंच.

सासूबाई आणखी पाच वर्षं होत्या. त्या गेल्यावर भीती उरली नव्हती, पण तोवर एवढी वर्षं का गप्प बसलीस, हा प्रश्न येऊन बसला होता. दर वर्षी तो मोठा होत गेला. नवरा फाटकाशी उभा राहत गेला. पुढं गिरणीच बंद पडली आणि त्यांनी एका गोदामावर रात्रपाळीची राखण धरली. कुंभारीला गेलो की बांधावरच्या बोरींकडे ते बघायचेसुद्धा नाहीत. कुणी म्हटलंच, तर पायानं अधू असलेला माणूस जितक्या सहज सांगतो तितक्या सहज सांगायचे, "आपल्याच्यानं न्हाय होत ते."

काही वर्षांपूर्वी आमच्या मुलानं घर बांधलं. मागं थोडी जागा आहे, तिथं एक रानबोर आपोआप उगवली. सून एका दुपारी म्हणाली, "बाबा, तुमाला कलम येतं म्हणं. हिला डोळा भरा की." ते हसले आणि दोन्ही हात पालथे करून तिला दाखवले. "हे हात दुष्काळात मेले, बाई." सून आत गेली. मी शेंगा फोडत बसले होते. तेव्हा मी सांगितलं. सगळं, क्रमानं. चाचा, खानसामा, देवळी, शेगडी, राख, धारवाला, घिसाडी, दुसरं बोलावणं. एकही गोष्ट गाळली नाही.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. आमच्यात तसं करायची पद्धत नव्हती. "उगं समजूत काढू नगंस माजी," ते म्हणाले. "मी पारखून घेतलेला चाकू व्हता तो. आता म्हातारपणी काय दुःख हाय मला त्याचं?"

मी गळ्यातल्या लिंगाची शपथ घेतली. ते गप्प करायला लागले, नको शपथ घेऊ म्हणाले, माझ्यासाठी खोटी शपथ नको. दाखवायला माझ्याकडे पात्याचा तुकडासुद्धा नव्हता. त्यांनी सुनेला बाहेर बोलावलं. "ऐकलंस का गं? माज्या हाताचं अपेश एवढ्या वर्सांनी सवताच्या डोक्यावर घ्यायला बसलीय ही. असली बायकू मिळायला नशीब लागतंय." आणि माझ्याकडे मायेनं बघितलं. मी पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या.

ते गेले त्या दिवशी भेटायला आलेल्या बायकांना सून रडत रडत सांगत होती, की बाबांच्या हाताला गुण नव्हता, पण त्यांना बायको फार चांगली मिळाली.